पश्चिमेला पाठ करून बसलेले गृहस्थ

बॉस्टनच्या या फेडरलिस्ट गृहस्थांचं तोंड कायम पूर्वेकडे. तिकडे समुद्र, समुद्रात त्यांची गलबतं आणि पलीकडे इंग्लंड. पश्चिमेचं नाव काढलं की ते नाक मुरडत. तिकडचे लोक व्हिस्की गाळतात, तिच्यावरचा कर बुडवतात आणि वर मतं देतात जेफरसनला!

राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्याच जेफरसनने १८०३ साली नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला अख्खा लुइझियाना घेतला. देश एका सहीसरशी जवळजवळ दुप्पट झाला आणि गृहस्थांच्या घशाखाली घास उतरेना. मुलूख विकत घ्यावा असं संविधानात लिहिलंय कुठे? सवाल बिनतोड. फक्त १७९१ साली यांच्याच हॅमिल्टनची बँक निघाली तेव्हा हेच सांगत होते की संविधानात शब्द काय शोधता, आशय पाहा! तेव्हा शब्दाला अडून बसला होता जेफरसन. आता दोघांनी चष्मे बदलले होते.

त्यात जेफरसनने काँग्रेसला कळवलं की मिसुरीच्या काठाने वर गेलं की १८० मैल लांबीचा मिठाचा डोंगर आहे. गृहस्थांची चंगळ झाली. रोज वर्तमानपत्र उघडून विचारायचे, "काकवीचं तळं सापडलं का हो?"

खरी धास्ती वेगळीच. नवी राज्यं निघणार, दर राज्याचे दोन सिनेटर येणार, मग मॅसॅच्युसेट्सला विचारतो कोण? दक्षिणेतले मळेवाले तिकडे गुलाम नेणार आणि पाच गुलामांची तीन माणसं धरून काँग्रेसमधल्या जागा वाढवणार. तक्रार रास्तच होती, पण तीत कळवळा गुलामांपेक्षा जागांचा अधिक. आणि ज्यांच्या पायाखालची जमीन विकली गेली त्या ओसेज, सू लोकांना कोणी विचारलं का, हे ना यांच्या डोक्यात आलं ना जेफरसनच्या.

स्वतः गृहस्थांच्या कपाटात ओहायो कंपनीचे शेअर होते. पश्चिमेकडच्याच ओहायोतलं मॅरिएटा १७८८ साली वसवलं न्यू इंग्लंडकरांनीच. छेडलं तर म्हणत, "ते निराळं. तिथे आपली माणसं गेली."

१८११ साली जोसाया क्विन्सीने प्रतिनिधीगृहात बजावलं, लुइझियानाला राज्य केलंत तर संघराज्य मोडलं म्हणून समजा. पुढच्याच वर्षी राज्य झालं. संघराज्य मोडेना, याचंच गृहस्थांना वाईट वाटलं.

१८१४ च्या डिसेंबरात, इंग्लंडशी युद्ध चालू असताना, यांची मंडळी हार्टफर्डला जमली. नवं राज्य घ्यायचं तर दोन-तृतीयांश मतं हवीत, असं ठरवून मागण्या वॉशिंग्टनला धाडल्या. पण मागण्या नेणारे जेमतेम पोचतात तो जनरल जॅक्सनने इंग्रजांना धूळ चारल्याचा जल्लोष सुरू. आणि चारली कुठे? न्यू ऑर्लिन्सला!

"बघा," गृहस्थ म्हणाले, "ते गाव घेतलंच नसतं तर ही लढाई तरी झाली असती का?"