आयएनजी सर

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आसपास, गडचिरोलीत बसस्टँडच्या मागे, ब्रह्मपुरीला, वडशाला, आलापल्लीला. जिथे खाली झेरॉक्स आणि पानठेला आणि वर पत्र्याची खोली भाड्याने मिळते, तिथे हे सर सापडतात. बोर्डावर नाव काहीही असो, मागे दोन पदव्या आणि पुढे ‘स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन’ असतंच. पोट्ट्यांच्या तोंडी त्यांचं नाव एकच, आयएनजी सर.

सरांचं सगळं तत्त्वज्ञान एका ओळीत मावतं. “पोट्टेहो, प्रिपोझिशन दिसला का पुढच्या क्रियापदाले आयएनजी लावा अन् मोकळे व्हा.” बिफोर गोइंग, आफ्टर ईटिंग, विदाऊट आस्किंग. जग नाशवंत आहे, जागा निघतील की नाही सांगता येत नाही, निघाल्या तरी निकाल कोर्टात अडकेल, पण ‘विदाऊट’च्या पुढे ‘आस्क’ कधी येणार नाही यावर सरांची श्रद्धा आहे.

वनरक्षकाच्या भरतीत मुलांना पाच किलोमीटर धावावं लागतं आणि मुलींना तीन. इथल्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. रनिंग जमतं, अडतं ते ‘आफ्टर’पाशी. तेवढ्यावर सरांचं घर चालतं.

सर स्वतः मात्र इंग्रजी बोलत नाहीत. त्यांच्या इंग्रजीत दर वाक्याला एक गाळलेली जागा असते आणि खाली चार पर्याय. सबंध वाक्य समोर उभं राहिलं की ते बावरतात. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर म्हणे एका गोऱ्या पाहुण्याने त्यांना काहीतरी विचारलं. पर्याय न दिल्यामुळे सर गप्प. पाहुणा आपला बोलत राहिला आणि बोलता बोलता म्हणाला, “आय अ‍ॅम यूज्ड टू गेट अप अर्ली.” सर एकदम जागे झाले. “गेटिंग!” म्हणून ओरडले. जिप्सीतल्या गाईडला वाटलं वाघ दिसला. पाहुणा जर्मन निघाला म्हणून निभावलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

टेबलावर दोन ग्रंथ असतात. एक तर्खडकर, पानं सुटलेला. दुसरा रेन अँड मार्टिन, पुठ्ठा गेलेला. यातले रेनसाहेब एकेकाळी भारतात शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि पुढे १९२४ साली फ्रेंच परदेशी पलटणीवर ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहून ते जगभर गाजले. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने सरांना दिली. सर म्हणाले, “असंन. पण त्यातून परीक्षेले काय येते?”

उदाहरणं मात्र ते मातीतली देतात. २०१५च्या एप्रिलपासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली, तेव्हा ‘प्रिव्हेंट’नंतर ‘फ्रॉम’ आणि ‘फ्रॉम’नंतर ‘ड्रिंकिंग’ हे शिकवायला सरकारनेच वाक्य पुरवलं: सरकार लोकांना पिण्यापासून रोखते. नोट्समध्ये ते सहा वर्षं सुखाने नांदलं. २०२१ साली बंदी उठली. व्याकरण शाबूत, वाक्य खोटं! सरांनी तोडगा काढला. चंद्रपूरच्या बॅचला वाक्य भूतकाळात आणि गडचिरोलीच्या बॅचला वर्तमानकाळात, कारण तिथे बंदी १९९३ पासून चालू आहे. दोन्ही जिल्ह्यांत हे वाक्य कागदावरच खरं आहे, असं मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं. ते ऐकायला सर फळ्याकडून वळले नाहीत.

पण सरांची खरी कीर्ती ‘टू’मुळे. हा ‘टू’ दुतोंडी. ‘वाँट टू गो’ म्हणतो तेव्हा तो क्रियापदाचा घरगडी असतो आणि ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग’ म्हणतो तेव्हा अस्सल प्रिपोझिशन. ओळखायचा कसा? मोठमोठी पुस्तकं सांगतात की ‘टू’च्या पुढे एखादं नाम ठेवून पाहा, बसलं तर तिथे क्रियापदाला आयएनजी लागणार. सरांनी त्या नामाची निवड केली आणि अख्ख्या झाडीपट्टीचा प्रश्न सुटला. ते नाम म्हणजे खर्रा. “आय अ‍ॅम यूज्ड टू खर्रा. बसला का नाई? बसला. मंग आयएनजी. आय वाँट टू खर्रा. बसते का? नाई बसत. मंग साधं क्रियापद.” हे सांगताना सरांच्या हातात पन्नी घोटली जात असते. “आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू खर्रा,” असं म्हणून ते तास संपवतात, आणि ते उदाहरण आहे की इच्छा, हे कळायच्या आत जिना उतरतात. ‘गिव्ह अप’च्या पुढेही आयएनजी येतं, ईटिंग खर्रा, हे ते गाल फुगवून शिकवतात. (हा ‘अप’ खरं तर प्रिपोझिशन नव्हेच. पण हे सरांना कोण सांगणार? त्यांना बोलायचं असेल तर आधी थुंकून यावं लागतं.)

मला एका गोष्टीचं नवल वाटतं. मराठीतही आपण दुसरं काय करतो? ‘जाणे’चं ‘जाण्या’ करतो आणि मग त्याला आधी, साठी, ऐवजी, शिवाय काय हवं ते चिकटवतो. ‘जातो आधी’ असं कोणी म्हणत नाही. एका सकाळी हे सांगून टाकलं तर सगळी भीती उडेल, आणि बहुधा फीसुद्धा. म्हणूनच कदाचित सर सांगत नसावेत. समोर बसलेली पोरं तरी काय साधीसुधी आहेत? सिरोंच्याचा पोरगा घरी तेलुगू बोलतो, मूलचेऱ्याची पोरगी बंगाली, कोरचीचा छत्तीसगढी, भामरागडची माडिया. बाजारात हिंदी, वर्गात मराठी, भांडणात झाडीबोली. चार भाषा ज्यांच्या जिभेवर कोणी न शिकवता बसल्या, त्यांना सर एका ‘टू’साठी बाकावर उभं करतात! गडचिरोलीच्या पोलीस भरतीत गोंडी-माडियाचाही पेपर असतो. त्याच्या तयारीच्या दिवशी आलापल्लीचे सर मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि खडू त्या भामरागडच्या पोरीच्या हातात असतो. सरांना एक वाक्य धड येत नाही, पण “याच्यात प्रिपोझिशन कोनता?” हे विचारल्यावाचून त्यांना राहवत नाही.

याच पोरीने पुढे घात केला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, भामरागडचा रस्ता बंद झाला आणि ती आठवडाभर क्लासला फिरकली नाही. आल्यावर सरांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं, तेही इंग्रजीत सांगायला लावलं. ती शांतपणे म्हणाली, “सर, देअर वॉज नथिंग टू डू बट वेट.”

“वेटिंग!” सर गरजले. “बट प्रिपोझिशन हाय न?”

“हाय सर. पन इथं वेटच येते. पुस्तकात हाय.”

सरांनी रेन-मार्टिन उघडलं. मग तर्खडकर. मग मागच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. पानं उलटताना त्यांच्या गालातला खर्रा थांबला होता, हे वर्गाने प्रथमच पाहिलं. पोरगी बरोबर होती. ‘नथिंग’च्या मागून येणारा ‘बट’ प्रिपोझिशन असूनही आयएनजीला भीक घालत नाही. सर खिडकीशी गेले, खाली थुंकले, परत आले आणि म्हणाले, “लिहून घ्या.”

नोट्सच्या नव्या आवृत्तीत तो अपवाद छापलेला आहे. कंसात खुलासा केला आहे: फक्त भामरागड तालुका, तोही पावसाळ्यात.