बिअरकडे आपण जायचं

अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाकडे हल्ली वेगळीच यादी जाते. हेडी टॉपर, ज्युलियस, सिप ऑफ सनशाइन. तो माणूस सोळा औंसांचे उंच कॅन टी-शर्टांत गुंडाळून सामानात कोंबतो, इतक्या लांबून आणतो आणि पुण्यात आल्यावर ते फ्रिजच्या दारात उभे राहतात. "सगळे जमलो की फोडू." सगळे जमायला दिवाळी उजाडते. तोवर बिअर करडी-तपकिरी झालेली असते, तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि एक घोट घेऊन कुणीतरी विचारतंच, "एवढं काय कौतुक हिचं?"

कौतुक आहे आणि ते रास्त आहे. पण न्यू इंग्लंडची गढूळ आयपीए (इंडिया पेल एल) ही जागेवर जाऊन प्यायची बिअर आहे. उसाचा रस आपण रसवंतीतच पितो, बाटलीत भरून पुढच्या महिन्यासाठी ठेवत नाही. इतकं साधं आहे हे.

का, ते सांगतो. या बिअरमध्ये बार्लीच्या माल्टसोबत ओट्स आणि गहू सढळ असतो. त्यांतली प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स एकमेकांना धरून तरंगत राहतात, म्हणून ती गढूळ. हॉप्स उकळीत सुरुवातीला टाकले तर कडूपणा उतरतो. इथे बहुतेक हॉप्स उकळी थांबल्यावर पडतात, आणि त्याहून जास्त नंतर, आंबवण्याच्या टाकीत. उष्णता नाही, त्यामुळे सुगंधी तेलं उडून जात नाहीत. सिट्रा, मोझॅक, गॅलॅक्सी या जातींमधून आंबा, पॅशनफ्रूट, संत्र्याची साल असे वास येतात, आणि तेही फळाचा एक थेंब न घालता. बारीक गाळलं तर यातलं बरंच निघून जातं, म्हणून गाळत नाहीत. आता जे जे या बिअरला मोठं करतं, त्या सगळ्याचं ऑक्सिजनशी वैर आहे. कॅन भरताना हवा जरा जास्त राहिली किंवा कॅन उबेत पडून राहिला, की आधी वास जातो, मग रंग.

आणि या आयपीएची पूर्वज एके काळी मुंबईपर्यंत शिडाच्या जहाजाने यायची! अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो इथल्या जॉर्ज हॉजसनच्या ब्रूअरीतली पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढायची आणि आफ्रिकेला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरायची. प्रवास चार-सहा महिन्यांचा. पुढे बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या ब्रूअर्सनी हा धंदा हातात घेतला. त्यांच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम होतं, आणि त्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा धारदार लागायचा. हॉजसनने ही बिअर खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही गोष्ट आजही मोठ्या हौसेने सांगितली जाते. ती खरी नाही. लांब पाठवायच्या किंवा खूप दिवस ठेवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालायचे, हे इंग्लिश ब्रूअर्सना त्याआधीच ठाऊक होतं. पण ती बिअर समुद्र सोसायची, बोटीवर मुरायची आणि बंदरात चांगली उतरायची, एवढं नक्की. न्यू इंग्लंडमधल्या व्हर्माँट राज्यात जन्मलेल्या तिच्या गढूळ वंशजाच्या पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइडचा भर असतो, म्हणून ती जिभेवर मऊ, भरलेली लागते. मऊपणा आला आणि प्रवास सोसण्याची ताकद गेली.

म्हणून तिच्या गावी जायचं.

ते गाव म्हणजे व्हर्माँटमधलं वॉटरबरी. पण गोष्ट थोडी आधी, बर्लिंग्टन शहरात सुरू होते. आपल्याच ब्रूअरीतली बिअर आपल्याच टेबलावर विकायला व्हर्माँटच्या कायद्यात परवानगी नव्हती. ग्रेग नूनन नावाच्या ब्रूअरने पाठपुरावा करून तो कायदा बदलून घेतला आणि १९८८ मध्ये व्हर्माँट पब अँड ब्रूअरी उघडली. त्याच्या हाताखाली शिकलेल्या जॉन किमिकने पत्नी जेनबरोबर २००३ मध्ये वॉटरबरीत 'द अल्केमिस्ट' हा पब सुरू केला. नूननकडचं यीस्ट किमिककडे आलं. ब्रूअर मंडळी त्याला 'कॉनन' म्हणतात. पीच, जर्दाळूसारखा वास हे त्याचं वैशिष्ट्य. त्या यीस्टवर २००४ मध्ये उभी राहिली हेडी टॉपर, आठ टक्क्यांची डबल आयपीए. गढूळ आयपीएच्या घराण्याची मूळ गादी हीच, असं मी मानतो. नूनन २००९ मध्ये गेले. आज दर दुसऱ्या टॅपरूममध्ये जे ओतलं जातं त्यात त्यांचा वाटा किती मोठा आहे, हे पिणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसावं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

किमिक दांपत्याने पबव्यतिरिक्त गावातच एक छोटा कॅनिंग कारखाना बांधायला घेतला होता. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळ व्हर्माँटवर आलं. नदी गावात शिरली आणि तळघरात ब्रूअरी असलेला पब बुडाला. तो पब त्यांनी पुन्हा उघडला नाही. कारखाना पाण्यापासून वाचला होता. पुरानंतर अवघ्या दोन दिवसांनी तिथून हेडी टॉपरचे पहिले कॅन बाहेर पडले. एरवी पबच्या नळातूनच मिळणारी बिअर आता हातात धरून नेता येऊ लागली, आणि तिथून सगळं वेड सुरू झालं.

वेड हाच शब्द. लोक शेजारच्या राज्यांतून गाड्या भरभरून येऊ लागले. गर्दीचा आणि वाहनांचा त्रास इतका वाढला की २०१३ मध्ये किमिकांनी कारखान्यातलं विक्रीचं दालनच बंद केलं. शेजाऱ्यांची झोप मोडून धंदा करायचा नाही, हे त्यांनी ठरवलं. याला मी मोठेपणा म्हणतो. २०१६ मध्ये स्टो गावात नवी ब्रूअरी उघडली, तीही येणाऱ्यांची सोय आधी पाहून.

हेडी टॉपरच्या कॅनवर ठळक लिहिलेलं असतं, कॅनमधूनच प्या. वास उडून जाऊ नये, हा किमिकचा विचार. मला तो पटत नाही. ज्या बिअरचा जीव वासात आहे ती नाकापर्यंत पोचायला रुंद तोंडाचाच ग्लास हवा. पण कॅन डोळ्यांसमोर धरून, लेबल कॅमेऱ्याकडे वळवून, चार कोनांतून फोटो काढत बिअर कोमट करणाऱ्यांपेक्षा किमिकचं ऐकणारा केव्हाही बरा.

ग्रीन्सबरोला हिल फार्मस्टेड आहे. शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा, दोन्ही बाजूंना कुरणं. शॉन हिलने २०१० मध्ये आपल्या घराण्याच्या शेतावर ही ब्रूअरी काढली आणि बिअरना आपल्या पूर्वजांची नावं दिली. त्यांतली 'एडवर्ड' ही आजोबांच्या नावाची पेल एल. तिथे गेल्यावर सगळे एडवर्ड मागतात आणि बरोबरच करतात. माझा आग्रह एवढाच, की त्याच बैठकीत 'मेरी'ही मागा. ती पिल्सनर आहे, आरपार स्वच्छ. पिल्सनरमध्ये चूक लपवायला जागा नसते. जो ब्रूअर ती नीट करतो, त्याची गढूळ बिअरसुद्धा विश्वासाने प्यावी.

कारण गढूळपणाच्या नावावर बरंच खपवलं जातं. रंग दाट दिसावा म्हणून पीठ घालणारे ब्रूअर झाले. यीस्टचा गाळ खाली न बसवता ग्लासात येऊ देणारे झाले. हॉप्सची मात्रा दुप्पट-तिप्पट करून लेबलवर मिरवणारे तर पुष्कळ, आणि मग घोटागणिक घशाशी हिरवी, झोंबरी जळजळ. अमेरिकेच्या ब्रूअर्स असोसिएशनने २०१८ मध्ये 'ज्युसी ऑर हेझी' (रसाळ किंवा गढूळ) हा स्वतंत्र प्रकार मान्य केला आणि त्याच वर्षी ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये सर्वांत जास्त प्रवेशिका या प्रकारात आल्या. मान्यता मिळाली ते योग्यच झालं. पण किमिकने बिअर गढूळ करायची म्हणून केली नव्हती. चव राखायची म्हणून त्याने ती गाळली नाही, आणि चव राखताना ती गढूळ राहिली. हा क्रम ज्याला कळला नाही त्याने ओट्सचं पोतं उघडू नये.

बॉस्टनच्या आसपासची मराठी मंडळी पाहुण्यांना हमखास ट्री हाउसला नेतात. २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ब्रिमफील्डमध्ये लहानशी सुरुवात, मग मन्सन, मग २०१७ मध्ये चार्ल्टनची भली मोठी ब्रूअरी. बॉस्टनपासून गाडीने तासाभराचं अंतर. त्यांची बिअर दुकानात मिळत नाही. स्वतःच्याच जागांवर विकतात, त्यामुळे ती कधी भरली आणि कुठे राहिली यावर त्यांचा ताबा असतो. याला कुणी हट्ट म्हणतात. मला तो ग्राहकाचा मान वाटतो. मात्र तिथल्या पार्किंगमध्ये क्रेटच्या क्रेट डिकीत रचून लगेच निघणारी माणसं पाहिली की चीड येते. इतकं आलात, तर बसा ना! त्यांच्या ज्युलियसचा एक ग्लास शांतपणे संपवा. आणि गाडी चालवणाऱ्याने तोही घेऊ नये. सहा-आठ टक्क्यांची बिअर फळांच्या वासाखाली आपली ताकद लपवते, आणि व्हर्माँटमधल्या दोन ब्रूअऱ्यांच्या मध्ये डोंगरातली वळणं असतात. न पिणारा एक जण ठरवूनच निघावं.

ताजेपणाबद्दलही एक. ताजी म्हणजे आज सकाळी भरलेली, असं नाही. भरल्या भरल्या ती कच्ची, बोचरी लागू शकते. आठवडा-दोन आठवडे थंडीत राहिली की जुळून येते, आणि पुढचे काही आठवडे तिचे. कॅनच्या बुडाशी भरल्याची तारीख असते. फ्लेवरचं नाव वाचण्याआधी ती वाचा.

आपल्याकडे या सगळ्याचा उपयोग आहे. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली तेव्हा टेबलाजवळच्या टाकीतली बिअर ही अनेकांना नवलाई होती. आता पुणे, मुंबई, गोव्यात फळ्यांवर 'हेझी' लिहिलेलं दिसतं. ब्रूअर इथले, टाक्या इथल्या. हॉप्स मात्र बहुतेक परदेशातून येतात, दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात, हवाबंद पाकिटांत. थंड ठेवल्या तर त्या गोळ्या तो प्रवास सोसतात, बिअर सोसत नाही. म्हणून व्हर्माँटचा तीन महिन्यांचा कॅन आणि मुंढव्यातल्या टाकीतून काल लागलेली नीट केलेली हेझी यांत मी डोळे मिटून दुसरी उचलेन. फक्त ऑर्डर देण्याआधी तिथल्या ब्रूअरला बोलवा आणि विचारा: टाकी कधी लागली, हॉप्स कोणते आणि कधी टाकले? नीट उत्तर आलं तर मोठा ग्लास मागवा. उत्तराऐवजी मेन्यू पुढे आला, तर लागर घ्या.