देव बघेल, पण सही कोण करेल?

खारदांड्याच्या कोळीवाड्यात आभाळ भरून आलं, की वाळत घातलेले बोंबील पहिला थेंब पडायच्या आत उचलले जातात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. तेव्हा पुढचा विचार आम्हाला जमत नाही, असं कोणी म्हणू नये! होडी कुणाची, खोली कुणाची, सगळं ठरलेलं. फक्त विशेष लेकराचं नाव निघालं, की उत्तर तयार: "देव बघेल."

बघेल हो, पण बँकेत सही कोण करेल? लेकरू अठराचं झालं, की आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठीच राष्ट्रीय न्यास कायदा आहे, 1999चा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्यविमाही आहे.

आपल्या माघारी लेकराची सोय म्हणून मृत्युपत्र करू म्हटलं, की आजी कडाडते, "मेल्या, अभद्र बोलू नको!" जणू कागद केला नाही, तर यम पत्ता विसरतो. आणि "भाऊ बघेल" हा ट्रस्ट नव्हे, नुसतं वाक्य आहे.

बोंबलांसाठी करता, तेवढी घाई लेकरासाठीही करा.