अजून एक हात

भाऊंच्या घराला चुना लागून कैक दिवाळ्या झाल्या. पण बैठकीतल्या विमानाला दर हंगामात नवा रंग मिळतो. वर्धेत सायकलीवरून कागदाची गुंडाळी आणि डब्यांची पिशवी घेऊन चाललेला निवृत्त गृहस्थ दिसला, तर तो हाच. नागपूरला कॉलेजात असताना भाऊ एनसीसीच्या हवाई शाखेत होते. तिथे बाल्सा लाकडाच्या पट्ट्या चिकटवून विमानं करायला शिकले. नोकरी बँकेत झाली, मन मात्र पंखातच राहिलं.

सांगाडा करणं भाऊंच्या लेखी पोरखेळ. खरी विद्या कागद चढवण्यात. आधी फासळ्या घासून गुळगुळीत करायच्या. मग टिश्यू कागदाचे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवून तो चिकटवायचा आणि वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा. वाळताना कागद आकसतो, सुरकुत्या जातात आणि पंख तबल्याच्या पुडीसारखा ताणला जातो. तो फळीवर टाचण्यांनी पक्का केला नसेल तर पीळ पडतो. पीळ पडलेलं विमान गिरक्या घेत खाली येतं. हे सांगताना भाऊ आपल्या मोठ्या मुलाकडे पाहतात.

पुढची पायरी डोपची. पातळ लॅकरच ते. कागदाची छिद्रं बुजवतं, ताण टिकवतं. पण वास असा उग्र की चार घरं सावध होतात. त्यात वर्धा दारूबंदीचा जिल्हा. एका संध्याकाळी शेजारच्या तात्यांनी खिडकीतून विचारलंच, "भाऊ, घरी काही सुरू हाय का?" भाऊ म्हणाले, "हो ना जी, दुसरा हात सुरू हाय." तात्यांचा संशय त्या दिवशी पक्का झाला.

मध्यंतरी भाऊंच्या अंगात स्वदेशी संचारली. गांधीवादी जे. सी. कुमारप्पांच्या काळात इथल्याच मगनवाडीत हातकागद होत होता, मग आपण परदेशी टिश्यू कायले वापराचा? त्यांनी जाड हातकागद चढवला. त्याने डब्बाभर डोप पिऊन टाकला. विमान देखणं झालं, पण उचलायला दोन हात लागू लागले.

वर्धेची हवाही भाऊंच्या बाजूची नाही. पावसाळ्यात डोप मारला की दमट हवेने त्यावर पांढुरकी झाक येते. मे महिन्यात तो ब्रशवरच वाळतो, वर धूळ बसते ती वेगळीच. उरले दिवाळी ते होळीचे दिवस. त्या दिवसांत बैठकीत पाहुण्याला बसायला जागा नसते.

सध्याचं विमान म्हणजे जे. आर. डी. टाटांचं पुस मॉथ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईला आलेलं. भाऊंनी त्यावर 'व्हीटी-एडीएन' ही अक्षरं पट्टी लावून काढली. अडचण एकच: तेव्हाचे फोटो काळे-पांढरे. त्यामुळे भाऊंना मूळ रंगाबद्दल दरवर्षी नवी खात्री पटते आणि आधीच्या थरावर नवा थर चढतो. शेपटीवरचा रंग तर फारच महाग पडतो. शेपूट तोलबिंदूपासून लांब आणि नाक जवळ. म्हणून मागे ग्रॅमभर रंग वाढला की पुढे दोन-तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं. नाक जड झालं, की भाऊ म्हणतात, आता तेही रंगवूनच घेऊ.

कागदाऐवजी चढवायची प्लास्टिकची फिल्म आली तेव्हा वहिनींना हायसं वाटलं. वास गेला, ब्रश गेले. पण ती इस्त्रीने चिकटवतात. "अवो, इस्त्री कुठं नेली?" अशी हाक आता रोज सकाळी घरात घुमते आणि नातवाचा शाळेचा शर्ट चुरगळलेलाच जातो.

कॉलनीतली पोरं अधूनमधून विचारतात, "आजोबा, विमान उडवाचं कधी?" भाऊ विमान उजेडात धरतात, एक डोळा मिटतात, पंखावरून बोट फिरवतात. "उडवू ना बाप्पा. पण खरचटलं तर? अजून एक हात मारू दे."

तुम्हाला विमान करायचंच असेल, तर भाऊंकडे अवश्य जा. कागद चढवणं त्यांच्याइतकं नेटकं आमच्या गावात कोणी शिकवत नाही. फक्त रंगाचा डबा उघडला, की आपलं विमान काखेत मारून सरळ मैदान गाठा.