चार कोपरे, पाच बाय

स्पर्धा टर्फवर जिंकली जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ड्रॉच्या मीटिंगला बसावं. आम्ही नुकतेच बसून आलो. ठिकाण हिंजवडीतल्या एका कॉलेजचा जिमखाना. नाव विचारू नका. आंतरमहाविद्यालयीन हॉकी, बाद पद्धत, संघ अकरा. टेबलावर चिठ्ठ्यांसाठी पेढ्यांचा रिकामा डबा, शेजारी बशीत क्रीमरोल.

अकरा संघांचा हिशेब बारावीच्या शारीरिक शिक्षणातलाच. दोनाचा पुढचा घात सोळा, त्यातून अकरा वजा, उरले पाच. म्हणजे पाच संघांना बाय. पहिल्या फेरीत घरी बसायचं आणि पुढे जायचं. बाय वाटायचा क्रमही ठरलेला. पहिला तक्त्याच्या तळाला, दुसरा माथ्याला, तिसरा खालच्या अर्ध्याच्या सुरुवातीला, चौथा वरच्या अर्ध्याच्या शेवटी. या चार जागी गेल्या वर्षीचे उपांत्य फेरीवाले बसवायचे आणि त्यांना मानांकित म्हणायचं. मोठ्यांनी मोठ्यांशी लवकर भिडू नये, एवढाच हेतू. भिडायला बाकीचे आहेतच की.

आता गेल्या वर्षी जी पोरं खेळली, ती पास होऊन आयटी पार्कच्या फेज टूमध्ये नोकरीला लागली. त्यातली काही तिथेही बेंचवरच आहेत म्हणे. मानांकन मात्र कॉलेजच्या नावावर, सातबाऱ्यासारखं चढलेलं. उपांत्य फेरी गाठली म्हणून बाय, आणि बाय मिळाला म्हणून उपांत्य फेरी जवळ.

पाचवा बाय कुणाला, यावर चर्चाच झाली नाही. पुस्तकाप्रमाणे तो तळाच्या संघाच्या डोक्यावर, दहाव्या जागी येतो. यजमान सरांनी तिथे आपल्या कॉलेजचं नाव लिहिलं आणि मगच क्रीमरोलला हात घातला. पण पुस्तक मोठं खवट. दहाची गाठ थेट अकराशी, आणि अकरावर रीतीप्रमाणे गेल्या वर्षीचा उपविजेता. मग ठरलं, चौघांच्या जागाही चिठ्ठ्या टाकून ठरवू. पारदर्शकता नको का? डबा हलला, चिठ्ठी निघाली आणि अकरावर नेमकं ते कॉलेज आलं, ज्याच्या गोलकीपरसकट पाच जणांचे सामन्याच्याच दिवशी कॅम्पस इंटरव्ह्यू होते. योगायोग. चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला होता, तोही योगायोगच.

“काय सर, चिठ्ठी ओळखीची दिसतेय,” एक पाहुणे सर म्हणाले.

“अहो सर, पुढच्या वर्षी यजमान तुम्हीच ना?”

पाहुणे सरांनी क्रीमरोल घेतला.

आपल्या लोकांची आम्हाला जरा लाजच वाटत होती, पण अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बर्फावरच्या हॉकीबद्दल वाचलं आणि छाती फुगली. तिथे पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेला सोळा संघ घेण्याची पद्धत. सहा परिषदांचे, म्हणजे कॉलेजांच्या गटांचे, विजेते थेट आत, बाकीचे दहा संगणकी क्रमवारीतून. कोण कुणाला हरवून आला, हरणारा किती पाण्यात होता, सगळं आकड्यांत. एक विरुद्ध सोळा, दोन विरुद्ध पंधरा, असा सोवळ्यातला तक्ता. तो तयार झाला की समिती बसते आणि हलवाहलव सुरू करते. एकाच परिषदेतले दोघे पहिल्याच फेरीत समोरासमोर नकोत. यजमान कॉलेज पात्र ठरलं तर त्याला त्याच्याच केंद्रावर खेळवायचं. शिवाय प्रेक्षक यायला हवेत, तिकिटं खपायला हवीत. एवढा संगणक लावून शेवटी पेढ्यांचा डबा आलाच! फक्त त्यांचा डबा नियमावलीत छापलेला असतो.

या सगळ्या शास्त्राचा अपमान झालाच असेल तर तो आमच्या शेजारी, बालेवाडीत. 2018 च्या महाराष्ट्र ओपन टेनिसमध्ये वरच्या चार मानांकितांना रीतसर बाय दिला होता. जिल सिमॉन नावाचा बिगरमानांकित फ्रेंच गृहस्थ आला, उपांत्य फेरीत अव्वल मानांकित मारिन चिलिचला आणि अंतिम फेरीत दुसऱ्या मानांकित केविन अँडरसनला हरवून करंडक घेऊन गेला. त्याला ड्रॉ कुणी नीट समजावून सांगितला नसावा.

असो. सामन्याचा दिवस उजाडला. कॉलेजकडे टर्फ नाही, त्यामुळे यजमानांनाही खेळायला पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर जायचं होतं. साडेआठचं रिपोर्टिंग, बस सातलाच निघाली. समोरून अख्खं आयटी येत होतं. भूमकर चौकात बस थांबली ती थांबलीच. हा चौक कुणाचंच मानांकन मानत नाही. इंटरव्ह्यू घेणारे साहेबही त्याच चौकात अडकल्यामुळे इंटरव्ह्यू पुढे ढकलले गेले होते आणि अकरा नंबरचा संघ गोलकीपरसकट टर्फवर हजर होता. पंचांनी नियमाइतकी वाट पाहिली, शिट्टी वाजवली, वॉकओव्हर दिला.

दुसऱ्या दिवशी शिवाजी चौकात फ्लेक्स लागला: ‘उपांत्यपूर्व फेरीत धडक मारल्याबद्दल आमच्या संघाचे हार्दिक अभिनंदन!’ वर संस्थेचे अध्यक्ष, मध्ये प्राचार्य, बाजूला सर, आणि खाली बोटाएवढ्या गोलांत पोरं. स्पर्धेत एकही चेंडू न मारलेली.

फ्लेक्स बेकायदा असल्याची तक्रार कुणीतरी केली आहे. ती या कार्यालयातून त्या कार्यालयात बिनविरोध पुढे सरकते आहे. अजून तिची कुणाशीच गाठ पडलेली नाही.