आवाज ऐका आधी

कुणाच्याही ट्रॅक्टरचं बॉनेट उघडलं की अप्पा उगवलेच. त्यांना निरोप कोण देतं, देव जाणे. हातात पाना नाही, हातोडी नाही, कानावर अर्धी विडी आणि तोंडात एकच वाक्य, "थांबा! आवाज ऐका आधी." तुमच्याही गावात आहेत ते, त्यामुळे ओळख करून देण्यात कागद घालवत नाही.

अप्पांना सगळ्याचा आवाज येतो. बोअरच्या मोटरीचा, पिठाच्या गिरणीचा, सोसायटीच्या कपाटाचासुद्धा. एका लग्नात मांडवामागच्या जनरेटरला कान देऊन उभे राहिले ते मंगलाष्टका संपल्या तरी तिथंच. अक्षता मुठीतच भिजल्या. "लोड घेत नाहीये," एवढंच म्हणाले. नवरदेवाबद्दल आहे असं वाटून वधूपिता चमकला.

पण अप्पांचा खरा सोहळा झाला शेजारच्या जुन्या महिंद्रा बी-२७५ चं ऑइल बदलताना. ही गाडी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या घराण्यातली. १९६३ साली आपल्याकडे इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली, त्या काळातलं हे वाण. माप इंची. चेंबरचा ड्रेन नट सात अष्टमांश इंची, म्हणजे २२ मिलिमीटरहून केसभर मोठा. २२ चा पाना बसत नाही, २४ चा बसतो पण खेळतो. इतकी वर्षं जो आला त्यानं २४ चाच लावला आणि दर खेपेला नटाचे कोपरे थोडे थोडे खाल्ले. आता नटाचा पेढा झाला होता.

पाईप पाना लावला, तो घसरला आणि मालकाच्या बोटांची सालं निघाली. "जोर कशाला लावताय? आवाज ऐका!" म्हणत अप्पा ट्रॅक्टरखाली आडवे झाले आणि दगडानं नटावर टक् केलं. "ऐकलंत?" चौघं श्वास रोखून ऐकत राहिलो. गोठ्यातली म्हैस तेवढी ऐकू आली. "बद्द येतोय. गंजानं आटे धरलेत." रात्रभर डिझेल मारून ठेवलं. सकाळी छिन्नी कडेला तिरकी धरून उलट्या अंगानं ठोकली, तर नुसती कपची उडाली. अप्पांचा निकाल मात्र घावागणिक चालू: "हा खरा... हा खोटा... हा तर शेजाऱ्याचा."

शेवटी वेल्डिंगवाल्या पोराला बोलावलं. तेलाशेजारी ठिणगी नको म्हणून आधी डिपस्टिकच्या भोकातून नळी घालून जमेल तेवढं ऑइल ओढून काढलं. मग पोरानं गोल झालेल्या डोक्यावर एक नवा नट ठेवला आणि त्याच्या भोकातून वेल्डिंग भरलं. तापलं की लोखंड फुगतं, निवलं की आखडतं, तेवढ्यात गंजाची पकड सुटते. पोरानं हे दोन वाक्यांत सांगितलं. अप्पांनी तेच पुढची पंधरा मिनिटं सांगितलं. लाली गेल्यावर पोरानं पान्याला झटका दिला. कर्र!

"आता आला का आवाज?" अप्पांनी सगळ्यांकडं असं पाहिलं, जणू वेल्डिंग त्यांच्या कानानंच केलं होतं.

तळाचं काळं ऑइल घमेल्यात उतरलं. अप्पांनी ते दोन बोटांत चोळलं, उन्हाकडं धरलं आणि चक्क गप्प झाले. बोटांवर तांबूस चमकी होती. बेरिंगं झिजत होती; आणखी एक हंगाम तसंच रेटलं असतं तर क्रँकच गेला असता.

लिहिताना जिवावर येतंय, पण त्या माणसाचा कान खरा आहे. आषाढापासून ते पारावर बसून सांगत होते, इंजिन खालून ठोकतंय म्हणून. कुणी मोबाइलचा आवाज वाढवायचं, कुणाला नेमकी धार काढायची आठवण व्हायची.

अप्पांनी बोटं धोतराला पुसली, कानावरची विडी काढली, पेटवली नाही. मालक घमेल्याकडं बघत होता.

"अहो अप्पा," तो कळवळून म्हणाला, "मग आधी बोलायचं नाही का!"