हवामानाची सभा कशी घ्यावी: बीड जिल्ह्यापुरतं, नवशिक्यांसाठी

अभिनंदन. तुम्ही पृथ्वी वाचवायचं मनावर घेतलंय आणि सुरुवात बीडपासून करायची असं ठरवलंय. दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालंय, प्रमाणपत्र स्टेटसला लागलंय आणि पाठीवरच्या पिशवीत हिरवा टी-शर्ट, स्टीलची बाटली आणि चाळीस स्लाइडचं सादरीकरण आहे. बाटली ठेवा. बाकीचं काय करायचं ते पुढे येईलच.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत आजच्या हवेला एक शब्द आहे आणि तीस वर्षांच्या सरासरीला दुसरा. आपल्याकडे दोन्हींना हवामानच म्हणतात. त्यामुळे पारावर उभं राहून तुम्ही "हवामान बदलतंय" म्हणालात की पहिला प्रश्न येणार, "मग पाऊस कव्हा हाय?" गावातल्या निम्म्या मोबाइलवर पावसाचं भाकीत सांगणाऱ्या पंजाबराव डखांचा अंदाज आधीच येऊन पडलेला असतो आणि त्यात तारखा असतात. तुमच्याकडे तारीख नसते, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही हरता. "हवा बदलतेय" म्हणालात तर आणखी अवघड. बीडमध्ये हवा निवडणुकीआधी बदलते, त्यामुळे तुम्ही कुणाकडून आलात याचा हिशेब मागच्या रांगेत लगेच सुरू होतो.

सरकारी शब्दाच्या आडोशाला जावं म्हणाल तर तिथे 'पोकरा' उभा आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 पासून मराठवाडा-विदर्भात चाललेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प म्हणजे हा पोकरा. त्याच्या इंग्रजी नावात हवामान अगदी ठळक आहे, पण आद्याक्षरांचा पोकरा झाला आणि हवामान गळून गेलं. गावाच्या लेखी पोकरा म्हणजे शेडनेट, ठिबक आणि अनुदान. "तुम्ही पोकराकडून का?" या प्रश्नाला चुकूनही हो म्हणू नका. आपली फाइल कुठे अडकलीय ते सांगितल्याशिवाय सुटका नाही.

सभा कधी घ्यावी, याला माझ्या मते सगळ्यात जास्त महत्त्व आहे आणि प्रशिक्षणात नेमकं तेच कुणी सांगत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडच्या गावांत ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, या मोजमापाने गाव ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातं. भांडी, पत्रे, शेळी, धाकटी पोरं, सगळं बरोबर. परत येतात ते हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. तुमच्या संस्थेने आखलेला 'हिवाळी जनजागृती सप्ताह' म्हणजे कुलपांना केलेलं भाषण. मी केलंय. समोर सात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि एक कुत्रं होतं. कुत्र्याने शेवटपर्यंत ऐकलं.

गाव जागेवर असतं तेव्हाही दिवस पाहून जा. मृगाच्या तोंडावर पेरणीची घाई असते. हरिनाम सप्ताह चालू असेल तर रात्री नऊ ते अकरा वेळ कीर्तनाची. तेव्हा वेगळी सभा लावू नका, महाराजांना भेटा. पंगतीआधी पाच मिनिटं मिळाली तर तुमच्या वर्षभराच्या सभांना मिळून झाली नसतील एवढी माणसं समोर असतात. पाच म्हणजे पाचच. आमटी निवत असते.

आता चित्रांबद्दल. 2019च्या उन्हाळ्यातली गोष्ट. जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या. माणसं जनावरांसकट तिथेच मुक्कामाला होती. अशात एका डोंगराकडच्या गावात मी झेडपी शाळेच्या भिंतीवर ध्रुवीय अस्वल दाखवलं. वितळत्या बर्फाच्या तुकड्यावर एकटं, बरगड्या दिसणारं. आमच्या प्रशिक्षणात हे चित्र पाहून दोघी रडल्या होत्या. इथे शांतता झाली. मग पुढे बसलेल्या आज्जी म्हणाल्या, "लेका, त्येला छावणी न्हाई का जवळपास?" मी अजून उत्तर शोधतोय. पुढच्या स्लाइडच्या आत लाईट गेली, ती माझ्यावर झालेली कृपाच.

तर अस्वल आणू नका. फोटो हवाच असेल तर गावातल्याच आडाचा घ्या, आणि तोही दाखवू नका. तो आटला कधी, एवढंच विचारून खाली बसा. 1972 पासून सुरुवात होईल. खडी फोडली, सुकडी खाल्ली, हे सगळं येईल. मग 2012-13, मग 2015-16. लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते सगळ्या देशाने पाहिलं, पण जे मांजरा धरण कोरडं पडलं म्हणून गेलं ते आमच्या केज तालुक्यात धनेगावला आहे, हे कुणीतरी जरा रागानेच सांगेल. आणि शेवटी 2025चा सप्टेंबर. सिंदफणा आणि गोदावरी अशा फुगल्या, की टँकरची सवय असलेल्या माणसांना घरातून बाहेर काढावं लागलं आणि काळी माती खरडून खाली मुरूम उघडा पडला. तुमच्या चाळीस स्लाइडमध्ये जे होतं ते सगळं येऊन गेलेलं असेल. तुम्ही फक्त लिहून घ्या. वही बाहेर काढलेला कार्यकर्ता या जिल्ह्यात कमी दिसतो. पंचनाम्याला आलात असा समज होऊ शकतो, तेवढा लगेच दूर करा.

2050 हे साल वापरू नका, 2070 तर नकोच. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी मिळाली 1995 साली आणि बीड शहरात गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. तीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला तुम्ही पंचवीस वर्षांनंतरच्या संकटाची भीती घालायची? तो फार तर विचारेल, "म्हणजे लवकरच की."

कोळशावर बोलायचं असेल तर परळीत जपून. औष्णिक वीज केंद्र, राखेचे बंधारे, राखेच्या गाड्या, वीटभट्ट्या, सगळं तिथलं पोटापाण्याचं आहे आणि छातीतल्या खोकल्याचंही. 2013 साली हे केंद्र बंद ठेवावं लागलं, ते कुणाच्या मोर्च्यामुळे नव्हे. धरणात पाणी नव्हतं म्हणून. कोळशाविरुद्ध इतका परिणामकारक युक्तिवाद आजवर कुणी केलेला नाही, आणि तो दुष्काळाने केला. तुम्ही त्यात भर घालू नका.

उसाबद्दल. "ऊस फार पाणी पितो" हे वाक्य बरोबर आहे आणि इथे म्हणण्यासारखं नाही. समोर बसलेल्याच्या शेतात बहुधा ऊस नसतोच, तो दुसऱ्याच्या शेतातला तोडतो. माजलगाव, गेवराईच्या कालव्याखाली ऊस आहे, तिथले लोक तुमच्या सभेला येत नाहीत, ते कारखान्याच्या सभेला जातात. आणि तुमच्या हातातला चहा? त्यातली साखर कुणी तोडलेल्या उसाची आहे याचा विचार करा आणि "साखर कमी" सांगू नका.

सौर ऊर्जा हा विषय सोपा आहे, फक्त कार्बनचं नाव काढू नका. मोटारीची लाईट रात्रीच्या पाळीला आली की शेतकरी अंधारात दारं धरायला जातो, पायाखाली साप असतो, डीपी जळाली तर आठ-आठ दिवस खेटे. "दिवसा पाणी द्याल, रात्री घरी झोपाल" एवढं बोललात की 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेचा अर्ज कसा भरायचा, हे लोक तुम्हालाच विचारतील. ते शिकून जा. त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगा, ती आपले लोक सांगत नाहीत: उन्हाला बिल येत नाही, म्हणून पंप दिवसभर चालतो आणि बोअर लवकर उताणं पडतं.

पवनचक्कीवर मात्र विनोद नको. केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण करून हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून ती झाली, असं तपास यंत्रणेचं आरोपपत्र सांगतं. डोंगरावर फिरणारी पाती तुम्हाला उद्याचं चित्र वाटत असतील. इथल्या माणसाला त्या पात्यांखालची जमीन कुणी घेतली, कंत्राट कुणाला मिळालं आणि मध्ये कोण उभा होता, हे आठवतं. स्वच्छ ऊर्जा हा शब्द उच्चारायच्या आधी एवढं माहीत असू द्या.

आता जे खरोखर चाललं त्याकडे येतो. 2016 साली पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली तेव्हा राज्यातून तीनच तालुके घेतले: वरुड, कोरेगाव आणि आपलं अंबाजोगाई. पुढच्या वर्षी तीस, 2018 ला पंचाहत्तर. आमिर खान आले म्हणून लोक जमले, असं शहरात म्हणतात. बघायला जमले असतील. पण एप्रिल-मेच्या उन्हात पंचेचाळीस दिवस टिकाव-खोरं धरायला नट पुरत नाही. मला जे दिसलं ते असं. गावातून निवडलेली माणसं, बाया धरून, आधी शिबिराला गेली. तिथे भाषण कमी आणि खेळ जास्त. हायड्रोमार्कर हातात दिला, म्हणजे दोन काठ्या आणि मध्ये पाण्याची पारदर्शक नळी. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं की ती समतल रेषा. सातवी नापास माणसाने त्यावर डोंगराला फक्कीने रेघ मारली आणि इंजिनिअरने येऊन ती बरोबर आहे म्हणून सांगितलं. तो माणूस परत गावात आल्यावर त्याला कुणी ऐकलं नाही, हेही खरं. पहिले चार-सहा दिवस तो आणि त्याची बायको दोघंच खणत होते. नवव्या-दहाव्या दिवशी, विरोधी पॅनेलचा माणूस लाजेने आला. लाज हे फार मोठं साधन आहे, कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत ते नाही.

त्या स्पर्धेच्या गुणपत्रिकेत 'आगपेटीमुक्त शिवार' असाही एक मुद्दा आला होता. पऱ्हाटी, धसकटं पेटवायची नाहीत. हे हवामानाचंच काम, पण कुणी त्याला तसं म्हटलं नाही आणि म्हणूनच झालं असावं.

नंतर काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर हे मार्गदर्शन जाहिरात होईल. पाणी अडलं, विहिरी वर आल्या, आणि काही गावांनी त्या पाण्यावर ऊस लावला. पाण्याचा ताळेबंद शिबिरात शिकवला होता, पण ताळेबंद जमेच्या वर्षी कोण बघतं? खणायला माणसं एकत्र येतात, वाटून घ्यायला येत नाहीत. फाउंडेशनला पुढे फार्मर कप आणि गटशेतीकडे वळावं लागलं ते बहुधा यामुळेच. अंबाजोगाईतच डॉ. द्वारकादास लोहियांच्या मानवलोकने 1982 पासून शेतकरी आणि पाणी यांवर काम केलंय. त्या कामाला बक्षिसाची तारीख नव्हती. नवशिक्याने तिथे चार दिवस जाऊन बसावं, बोलू नये.

अध्यक्ष कुणाला करावं, हा सभेतला सगळ्यात नाजूक प्रश्न. याचं उत्तर बीडनेच दिलंय. फेब्रुवारी 2020 मध्ये शहराजवळच्या पालवणच्या देवराईत अभिनेते सयाजी शिंदे आणि मंडळींनी वृक्षसंमेलन भरवलं आणि अध्यक्ष केलं वडाच्या झाडाला. अध्यक्षीय भाषण झालं नाही, कुणाचा मान दुखावला नाही, सावली मिळाली. इतका चांगला अध्यक्ष मी तरी दुसऱ्या कुठल्या सभेत पाहिला नाही.

प्रश्नोत्तरांची तयारी करून जा. हे तीन येतातच. "झाडं लावू, पण पाणी कुठलं घालू?" याला उत्तर सीताफळ. बालाघाटाच्या खडकावर ते बिनमायेचं वाढतं, आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. "तुम्ही कशानं आलात, सर?" याला उत्तर एसटी, आणि ते खरं असलं पाहिजे, कारण फाट्यावर तुम्हाला उतरताना कुणीतरी पाहिलेलं असतं. तिसरा प्रश्न: "इमा कव्हा मिळल?" पीक विम्याचा 'बीड पॅटर्न' 2020 साली इथूनच सुरू झाला. कंपनीचा नफा वीस टक्क्यांत बांधला आणि नुकसानीची जबाबदारी एकशे दहा टक्क्यांपर्यंत टाकली. शेतकऱ्याला पॅटर्न पाठ आहे, त्याला पैसे कधी येणार ते हवंय. हवामान बदलाची किंमत कोण भरणार, या विषयावर जगभर परिषदा होतात. तोच प्रश्न इथे एका बप्पाने पासबुक पुढे करून विचारलेला असतो. हात जोडू नका. पासबुक घ्या, आणि सहायक कृषी अधिकाऱ्याकडे त्यांच्याबरोबर चालत जा.

सभा जमली की नाही हे कसं ओळखावं? टाळ्या वाजल्या तर नाही जमली, टाळ्या सगळ्यांनाच मिळतात. परतीच्या गाडीची वेळ झाली असताना कुणी म्हणालं, "थांबा जरा, बोअर दाखवतो," तर जमली. गाडी सोडा.

शेवटचं, तारखेचं. ग्रामसभा वर्षातून चार वेळा ठरलेलीच असते: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. कोरमला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते. जानेवारीत तेवढीही गावात नसतात. तुमचा विषय 2 ऑक्टोबरच्या विषयपत्रिकेवर घाला, त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला सप्टेंबरातच लेखी द्या आणि पोच घ्या. त्यानंतर ट्रक येतात.